दोन पी. शेडगे

ब्रिस्टल
१२ फेब्रुवारी २००६

सौ. अर्चनाताई यांस,
यमुनाबाई शेडगेचा स. न. वि. वि.

आम्ही सगळी धडधाकट आहोत. थंडीने माझे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण ते गावाकडेही कुरकुरायचेच. तुम्हाला फोन केला असता, पण आमचा फोन जिन्याखाली, म्हणजे चव्हाट्यावर. आणि तुमच्याकडे बोलायला लागलं की राजीवराव दुसऱ्या खोलीतून दुसरा फोन उचलतात. मला त्यांचा श्वास ऐकू येतो. शिवाय सातवीपर्यंत शाळा शिकले ती कुठेतरी वापरायला नको का? म्हणून हा कागद.

बातमी गोड आहे, तोंडात साखर घालून वाचा. व्हिएन्ना म्हणून एक शहर आहे. तिथे मे महिन्यात ह्या क्वांटमवाल्यांची मोठी सभा भरते. सगळ्या जगातून येतात म्हणे. त्या सभेत मुख्य भाषण करायला कुणाला बोलावलंय? डॉक्टर पी. शेडगे यांना! आमच्या परीक्षितला! परवा भाकरी मोडता मोडता त्याने हळूच सांगितलं. म्हणाला, आई, एवढ्यात कुणाला बोलू नकोस, पद्मजालाही नको, वेळ आली की मीच सांगेन. मी कुणाला सांगते? तुम्ही विहीणबाई, तुम्ही थोड्याच 'कुणी' आहात.

तुमची वैभवी लग्नात आमची पद्मजा झाली तेव्हापासून दोघं एकाच प्रयोगशाळेत खपतात. जेवताना दोघांचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून असं जातं की मान खाली घालून बसावं लागतं. तुम्हाला ठाऊकच आहे, जूनमध्ये त्यांच्या खात्यात एक कायमची जागा भरायची आहे आणि अर्ज दोघांनीही टाकलाय. पाट एक, जेवणारी दोन. ह्या भाषणानंतर पाटावर कोण बसणार हे मी बोलायला नको. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. पद्मजाही हुशार आहे. हाताखाली असं एखादं माणूस असलं की कामाचा उरक होतो.

मागच्या वेळी तुम्ही पाठवलेल्या चकल्या संपल्या. दात शाबूत आहेत.

राजीवरावांना नमस्कार. लोभ आहे तेवढा ठेवा, जास्तीचा मागत नाही.

आपली,
यमुनाबाई


कार्डिफ
१८ फेब्रुवारी २००६

श्रीमती यमुनाताई यांना,
अर्चनाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. आमच्या घरी दुसरा फोन नाही. तुम्हाला जो श्वास ऐकू येतो तो आमचा फ्रिज आहे. चकल्यांचं म्हणाल तर पुढच्या वेळी दळून पाठवीन.

'हाताखाली' हा शब्द मी चहाबरोबर गिळला, पण तो काही खाली उतरला नाही. तुम्ही इतकं उघड लिहिलंत, म्हणून मीही उघड लिहिते. ह्या लोकांच्यात पेपर छापतात, त्याच्यावर नावं असतात. पहिलं नाव ज्याने काम केलं त्याचं. मधलं, ज्याने मदत केली त्याचं. शेवटचं, ज्याची लॅब त्याचं. आपल्या लग्नपत्रिकेत नावं कुणाची आधी यावरून कशी डोकी फुटतात, तसंच समजा. गेल्या ऑटममध्ये ह्यांचा जो पेपर आला आणि जो सगळीकडे गाजतोय, त्याच्यावर नावं आहेत अशी: पी. शेडगे, पी. शेडगे आणि प्रोफेसर पेन्री. त्यातली पहिली पी. शेडगे माझी वैभवी आहे. त्या प्रयोगासाठी ती सबंध वर्ष अंधाऱ्या खोलीत बसली. त्या वर्षी ती माझा वाढदिवससुद्धा विसरली, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे.

लग्नात परीक्षितने ताटातल्या तांदळात अंगठीने 'पद्मजा' लिहिलं, तेव्हा मी म्हटलं होतं की वैभवीत काय वाईट आहे? तुम्ही म्हणालात, नवऱ्याच्या अक्षराला अक्षर जुळलेलं चांगलं. आणि माझी लेक इथे जन्मलेली, तिला आपल्याकडचं सगळंच भारी romantic वाटतं. लग्नानंतर इथे परत आल्या आल्या सॉलिसिटरकडे जाऊन कागदोपत्री नाव बदलून मोकळी झाली. आता जगाला दोन पी. शेडगे वेगळे ओळखू येत नाहीत. जगाचं काय चुकलं?

वैभवीला मी अजून काही बोललेली नाही. तुम्ही परीक्षितला एवढंच विचारा, व्हिएन्नाचं बोलावणं कुठल्या कामासाठी आहे?

गुडघ्यांना लावायला मलम पाठवतेय. ते दातांना लावायचं नाही. ममता तुमची मला हवीच आहे, फक्त टोचणी थोडी कमी करा.

आपली,
अर्चना


ब्रिस्टल
५ मार्च २००६

सौ. अर्चनाताई यांस,
यमुनाबाईचा स. न. वि. वि.

मलम पोचलं. वास बैलाच्या औषधासारखा आहे, पण गुण येतो. फ्रिजलाही माझा नमस्कार सांगा.

विचारलं मी परीक्षितला. तो कप विसळत होता. विसळलेला कप पुन्हा विसळला, मग पुसून पुन्हा नळाखाली धरला. म्हणाला, आई, ते काम दोघांचंच आहे. मी म्हटलं, मग दोघांनी जा. तर म्हणाला, व्यासपीठावर एकच उभा राहतो. आणि पत्र तर पी. शेडगेच्या नावाने आलंय, ते मी आधी उघडलं, त्यात माझी काय चूक? त्याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

मग मी म्हटलं, दाखव तरी मला हे काय असतं. गुरुवारी घेऊन गेला. खोली बाळंतिणीच्या खोलीसारखी, काळोखी आणि ऊबदार, काळे पडदे लावलेले. मला पायात पिशव्या घालायला लावल्या आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंक म्हणाला. आत एक लोखंडी टेबल, आमच्या गावच्या चावडीएवढं, आणि त्याच्यावर बोटाएवढे आरसेच आरसे. त्याने मला समजावलं ते सांगते, चुकलं तर तुमच्या लेकीला विचारा. दोन वेगळ्या काचमण्यांतून प्रकाशाचा एकेक कण निघतो. कण म्हणजे त्याच्याहून लहान प्रकाश असूच शकत नाही, इतका लहान. ते दोन कण दोन बाजूंनी येऊन एका अर्ध्या आरशावर भेटतात. अर्धा आरसा म्हणजे अर्ध्यांना आरपार सोडतो, अर्ध्यांना वळवतो. एरवी हे कण वाटेल तिकडे जातात. पण दोन्ही कण अगदी एकसारखे असले, रंगाने, वेळेने, सगळ्याने, तर मात्र दोघं मिळून एकाच वाटेने बाहेर पडतात. कधी ह्या, कधी त्या, पण दोघं मिळून. कुणीही सांगू शकत नाही की ह्यातला तो कुठला आणि हा कुठला. तसं झालं की पडद्यावरची रेघ मध्येच खाली बसते, गालावर खळी पडावी तशी. एका काचमण्यातून निघालेले जुळे कण एकसारखे करणं सोपं म्हणे. दोन वेगळ्या घरची एकसारखी करणं महाकठीण, आणि तेच ह्यांनी केलं. पुढेमागे असल्या कणांकडून मोठमोठी गणितं करून घ्यायची आहेत.

मला हसू आलं. म्हटलं, दोन वेगळ्या घरची एकसारखी करायची खटपट आम्ही बायका पिढ्यान्‌पिढ्या करतोय, आम्हाला कुणी व्हिएन्नाला बोलावलं नाही.

पद्मजा टेबलाशी वाकून बसलेली. एक बारीक स्क्रू ती इतका हळू फिरवत होती की फिरतोय की नाही कळत नव्हतं. डोळे पडद्यावर. मध्येच न बघता हात मागे करायची आणि परीक्षित त्या हातात नेमका हवा तो पाना ठेवायचा. ती काही मागत नव्हती, हा काही विचारत नव्हता. खळी पडली तेव्हा दोघं एकदम हसली आणि मी तिथे आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

अर्चनाताई, मला लागलं ते. माझ्या हातात कुणी असं न मागता काही ठेवल्याला फार वर्षं झाली. आमचे हे होते तेव्हा ठेवायचे, तंबाखूची डबी का होईना.

तर हात पुढे करणारी ती आणि पाना ठेवणारा हा, एवढं मी पाहिलं. त्यावरून तुम्ही भलता अर्थ काढाल. काढू नका. अंधार होता आणि माझा चष्मा जुना आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
यमुनाबाई


कार्डिफ
२० मार्च २००६

श्रीमती यमुनाताई यांना,
अर्चनाचा नमस्कार, वि. वि.

वैभवी शुक्रवारी संध्याकाळच्या ट्रेनने आली. बॅग मोठी आहे, त्यावरून काय ते समजा. तुम्हाला ती मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून निघाली असेल.

ती त्या व्हिएन्नाच्या सभेची वेबसाइट बघत होती, हॉटेल कुठे आहे ते बघायला. ऐकायला जायचं तिच्या मनात होतं. वेबसाइटवर मुख्य भाषणाखाली विषय तिचा, चित्र तिच्या खळीचं आणि फोटो परीक्षितचा. तुमचा मुलगा हो म्हणून मोकळा झाला होता, यमुनाताई, तिला न विचारता. आणि जूनच्या इंटरव्ह्यूला जी माणसं बसणार आहेत, त्यातली दोघं त्या सभेला असणार आहेत. ज्याने भाषण दिलं, काम त्याचं, हे ती माणसं डोळ्यांनी बघणार.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने माझा ओव्हन साफ केला. आत डोकं घालून, विसाव्या शतकातलं सगळं खरवडून काढलं. राजीव म्हणाले की तिला थांबव, मी म्हटलं की करू दे. ती परीक्षितशी भांडलीसुद्धा नाही. म्हणते, मी बोलले तर तो म्हणेल मी जळतेय, म्हणून मी बोलणारच नाही.

खरं सांगते, आत कुठेतरी मला आनंदही झाला. वरच्या खोलीत दिवा लागलेला असला की मला बरं वाटतं. इतकी वर्षं ती तुमच्या हातचं खाते, तुम्हाला आई म्हणते. मला 'मम' म्हणते. मीच तशी सवय लावली, कौन्सिलच्या नर्सरीत सगळी मुलं तसंच म्हणायची. पण तुम्हाला 'आई' अशी हाक मारते ना, तेव्हा मी फोन कानापासून लांब धरते.

माझं मागणं एकच आहे. परीक्षितने ते भाषण सोडावं आणि प्रोफेसर पेन्रींना खरं काय ते सांगावं. तुमचं तो ऐकतो. पण तुम्ही सांगाल का, हा प्रश्न आहे. तुमच्या जागी मी असते तर सांगितलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

आपली,
अर्चना


ब्रिस्टल
२७ मार्च २००६

सौ. अर्चनाताई यांस,
यमुनाबाईचा नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला आधी तुमचाच राग आला. पोरगी आली तर पाठवून द्यायची सोडून तुम्ही तिच्याकडून ओव्हन घासून घेता! इथे सात वर्षांत मी तिला तवा घासू दिला नाही.

परीक्षितला मी काही बोलले नाही. आईने पोराच्या पायावर धोंडा टाकायचा, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तुमच्याच मनात शंका होती ना? मग. जागा एक आहे, त्याचं वय वाढत चाललंय. ती तुमची इथली. तिला आज ना उद्या कुठेही मिळेल. हा व्हिसाच्या रांगेत उभा राहून आलेला. मी वकिली करत नाही, आपलं तुमच्या कानावर घातलं.

पण घर खायला उठतं. परीक्षित येतो, टोस्ट चावतो, टीव्ही लावतो आणि टीव्हीच्या खालच्या कपाटाकडे बघत बसतो. जेवताना इंग्रजी नाही, मराठीही नाही. पूर्वी मी म्हणायचे की काय ही कटकट माझ्या डोक्यावरून जाते. आता डोक्यावरून जायलाही काही नाही. मी मुद्दाम विचारलं, कणांचं कसं चाललंय? म्हणाला, कण ठीक आहेत. आणि जिना चढून गेला.

काल इथे मदर्स डे होता. रस्त्यात दिसेल त्या म्हातारीच्या हातात पिवळी फुलं. शेजारच्या मिसेस डॉसनला तिच्या मुलीने केवढी तरी कुंडी आणली. दर वर्षी पद्मजा मला ती डॅफोडिल्स आणते, मी म्हणते काय गं हा कचरा, आणि आठवडाभर पाणी बदलते. काल नाही आली. तुम्हाला आणली असतील. कुठे ठेवलीत? खिडकीत ठेवली असतील, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील.

येत्या गुरुवारी पाडवा. त्यांचे ते पेन्री साहेब जेवायला यायचेत. महिन्यापूर्वी पद्मजानेच बोलावून ठेवलं होतं, त्यांना पुरणपोळी फार आवडते. परीक्षित म्हणाला, रद्द करू. मी म्हटलं, सणाच्या दिवशी पाहुणा परतवायचा नाही. म्हणून डाळ भिजत घालणार. गुळवणीही करणार. तुमच्या लेकीला सांगा की पाडव्याचं पुरण वाटायला मी एकटीच आहे. नको, सांगू नका. तिला वाटेल मी बोलावतेय.

लोभ राहू दे. तुमच्याकडे सध्या जास्तच जमलाय.

यमुनाबाई


कार्डिफ
२ एप्रिल २००६

तीर्थरूप आईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मराठीत पत्र पहिल्यांदा लिहिते आहे. डॅडने सुरुवातीचा लाईन सांगितला, बाकीचे माझे आहे. चूक असेल तर हसा, पण मोठ्याने नको.

काल प्रोफेसर पेन्रीचा फोन आला. ते म्हणाले, पद्मजा, मी तुझ्या घरी गुरुवारी जेवलो आणि मला खूप लाज वाटली. मी म्हटले, का, जेवण चांगला नव्हता? मग त्यांनी सांगितले. ते तुम्हाला म्हणाले की तुमचा मुलगा व्हिएन्नाला एवढी मोठी भाषण देणार, तुम्हाला किती अभिमान वाटत असेल. त्यांना वाटत होते की आम्ही दोघांनी आपसात ठरवले आहे. आणि तुम्ही पुरणपोळीवर तूप घालता घालता तुमच्या थोड्या इंग्लिशमध्ये म्हणालात की काम सुनेचा आहे, मुलगा नुसता विमानात बसणार. आणि मग त्यांना आणखी एक पोळी वाढला.

ते म्हणाले, परीक्षित लाल झाला. मग त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, माझी आई खरं बोलते. एवढेच. मग तो किचनमध्ये गेला आणि बराच वेळ नळ चालू होता.

आई, तुम्ही का केले? आता परीक्षितचा चान्स खूप कमी झाला, हे तुम्हाला माहीत होते ना? मी तीन वेळा विचार केला की तुम्हाला ते कळले नसेल. पण तुम्हाला सगळे कळते. तुम्ही फक्त कळत नाही असे दाखवता, म्हणजे आम्ही तुमच्यासमोर बोलत राहू.

मला राग आहे अजून. त्याच्यावर, तुमच्यावर नाही. तो काल रात्री इथे आला होता, दारात उभा राहिला. त्याने सांगितले की व्हिएन्नाला त्याने कळवले आहे, फोटो बदलायला सांगितला आहे. तो म्हणाला, त्या लेटरवर माझा नाव होता आणि मला एवढी वर्षे तशी लेटर कधी आली नव्हती, म्हणून मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो आणि मग ती माझीच झाली. मी त्याला आत घेतले नाही. ममने घेतले, चहा दिला.

मी शनिवारी घरी येते. त्याच्यासाठी नाही अजून. लॅबमध्ये लेझर बंद आहे म्हणून.

तुमची,
पद्मजा (मम म्हणते वैभवी लिही, पण तुम्हाला लिहिताना हेच येते)


कार्डिफ
९ एप्रिल २००६

श्रीमती यमुनाताई,
स. न. वि. वि.

गेली ती काल. स्टेशनवर सोडून आले. डबा द्यायला लागले तर म्हणाली, नको गं मम, आईंनी आज काहीतरी केलं असेल.

तुम्ही जे केलंत ते मला जमलं असतं असं वाटत नाही. एवढं लिहून मी पेन खाली ठेवणार होते, पण तुम्हाला 'देवमाणूस' वगैरे म्हटलेलं तुम्हालाही आवडणार नाही आणि मलाही ते म्हणवत नाही. राजीव म्हणतायत. दोन दिवस तेच चाललंय, यमुनाताईंनी काय केलं, यमुनाताईंनी काय केलं. मी शेवटी म्हटलं, मग तुम्ही ब्रिस्टललाच जाऊन राहा.

वरच्या खोलीतला दिवा आज मीच लावून ठेवलाय. उगाच.

डॅफोडिल्स खिडकीतच ठेवली होती. सुकली.

आपली,
अर्चना


ब्रिस्टल
१६ जुलै २००६

सौ. अर्चनाताई यांस,
यमुनाबाईचा स. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला. इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय आणि घरात पंखा नाही. गोरी माणसं अर्धी उघडी फिरतात, मी नऊवारीत. बघणारे मलाच बघतात.

जागा तिला मिळाली हे तुम्हाला फोनवर कळलंच. तुम्ही त्या दिवशी फोनवर मला म्हणालात की यमुनाताई, हे सगळं तुमच्यामुळे. तुमचा हा गैरसमज मला काढायचाच होता, म्हणून बसले लिहायला. मी न्याय वगैरे काही केला नाही. पाडव्याच्या दिवशी सकाळपासून एकटी पुरण वाटत होते आणि डोळ्यांपुढे तुम्ही. तुमच्या स्वयंपाकघरात ती आहे, तुमच्या खिडकीत तिची फुलं आहेत, आणि तुमचा ओव्हन चकचकीत. माझ्या पोटात नुसता जाळ झाला. आधी माझा जाळ तिच्यावर होता, माझ्या लेकाला तिने अख्खाच्या अख्खा घेतला म्हणून. मग पोरगी गेली आणि तोच जाळ कार्डिफच्या दिशेने निघाला. पेन्री साहेबांनी तोंड उघडलं तेव्हा मला एवढंच सुचलं की हिला परत आणायची तर वाट हीच. बाकी खरंखोटं मागून आलं. तुम्ही राजीवरावांना हे वाचून दाखवा, म्हणजे देवमाणूस म्हणायचं थांबतील.

परीक्षितचं सांगते. व्हिएन्नाला तो स्वतःच्या खर्चाने गेला. तिने बोलावलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. मागच्या रांगेत बसला. भाषण संपल्यावर एक जपानी माणूस त्याच्या छातीवरचं नाव वाचून धावत आला, हात हातात घेतला आणि म्हणाला, डॉक्टर शेडगे, काय सुंदर काम केलंत. तर हा म्हणाला, त्या तिकडे उभ्या आहेत, मी त्यांचा नवरा. पद्मजाने हे मागून ऐकलं. घरी येऊन तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरा ओला झाला. म्हणजे मिटलं म्हणायचं. तुम्हाला ऐकून आनंद होईल. मला झाला नाही. मी तो पोरगा नऊ महिने पोटात आणि बारा वर्षं कडेवर, पाठीवर, सायकलच्या दांडीवर वागवला. परक्या मुलखात कुणी विचारलं तू कोण, तर म्हणतो हिचा नवरा! माझं नाव घ्यायला काय झालं होतं? दोन दिवस त्याला भाकरी जाड करून वाढली.

तो जळतो अजून, खोटं कशाला बोलू. जागेचं पत्र आलं त्या दिवशी त्याने तिला मिठी मारली आणि मग बागेत जाऊन चांगलं उभं असलेलं गुलाबाचं झाड छाटून टाकलं. जळू दे. बायकोवर जळणारा नवरा निदान बायकोकडे बघत तरी असतो. त्याला आता ब्रॅकनेलच्या एका कंपनीत काम लागलंय, कॉम्प्युटरचे निरोप चोरांना कळू नयेत अशी काहीतरी व्यवस्था करतात. सोमवारी पहाटे जातो, शुक्रवारी येतो. पगार तिच्यापेक्षा जास्त आहे. हे त्याने मला एकदा सांगितलं, तिला दोनदा.

म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघीच. आता इंग्रजी बोलायला तिला कुणी नाही, म्हणून सगळं मला मराठीत सांगते. आज कण रुसले, आज खळी उथळ पडली. निम्मं कळत नाही, पण माझ्याकडे बघून सांगते. तुम्ही जळा आता थोडं. तुमची पाळी.

एक गोष्ट मात्र तुमची झाली. ती म्हणाली, आई, मी नाव परत वैभवी करून घेते, पेपरवर, दारावर, सगळीकडे. तुम्ही रागावणार का? मी म्हटलं, रागावून काय करू, अंगठी का परत तांदळात फिरवू? पण आत खट्टू झाले. सात वर्षं 'पद्मजा' म्हणून हाका मारल्या, आता जीभ वळायला वेळ लागेल. घरात मी पद्मजाच म्हणणार आहे. ती ओ देते.

परवा मला तिची नवी खोली दाखवायला घेऊन गेली. स्वतःची खोली, खिडकी झाडाकडे. दारावर पाटी लागलीय. ती चावी शोधत होती तेवढ्यात मी एकेक अक्षर लावून वाचलं. डॉक्टर वैभवी शेडगे. तुमचं नाव आधी, आमचं मागे. माझा हात शिवशिवला. मी पुढे होऊन तुमच्या 'वैभवी'वर पंजा ठेवला, बघावं म्हटलं नुसतं आमचं कसं दिसतं. छान दिसलं. पण मग हे शेडगे कोण, तेच कळेना. म्हणून काढला हात.

लोभ माझ्यावर ठेवा, डोळा तिच्यावर नको. ती इथे बरी आहे.

आपली,
यमुनाबाई